फाटक्या आवाजाची डबी

गणपतीच्या मंडपातला स्पीकर फाटला की पुढच्या रांगेतले आजोबा कानांवर हात ठेवतात आणि एखादा कार्यकर्ता आवाज कमी करायला धावतो. रात्री त्याच मंडपात ऑर्केस्ट्रा उभा राहतो. गिटारवाला पायाखालची एक डबी दाबतो, आवाज मुद्दाम फाडतो आणि पोरं शिट्ट्या मारतात. फाटणं हा दोष असेल, तर ही डबी लोक पैसे मोजून का घेतात? आणि तो गुण असेल, तर दुपारच्या स्पीकरनं कुणाचं काय वाकडं केलं होतं?

या डबीला फझ पेडल म्हणतात. तिचा सगळ्यांत गाजलेला नमुना ‘फझ फेस’ या नावानं लंडनच्या आर्बिटर कंपनीनं १९६६ साली बाजारात आणला. माइकच्या स्टँडच्या गोल बैठकीसारखा आकार, वर डोळ्यांसारखी दोन बटणं. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सनं ती वापरली आणि तिचं नाव जगभर झालं. स्क्रू काढून आत डोकावलं तर मात्र कुणीही बुचकळ्यात पडेल, कारण आत जवळजवळ काहीच नाही. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि बटणांखालचे दोन पॉट, म्हणजे रेडिओच्या व्हॉल्यूमला असतात तसे फिरते रेझिस्टर. एकूण अकरा भाग. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत अशा वस्तू मिळतात आणि एखाद्या रविवारात त्या जोडून होतात. शाळेत ओहमचा नियम शिकलेल्या माणसाला हे सर्किट शेवटच्या तारेपर्यंत समजू शकतं. मोबाइल उघडून बसणाऱ्याला ही चैन मिळत नाही.

जवारी आपल्या कानांत आहेच

फाटक्या आवाजाची गोडी आपल्याला नवी नाही. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिचा माथा किंचित बाकदार घासलेला असतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून एक जागा शोधतात. ती सापडली की आवाज एकदम उमलतो, गुंजायला लागतो. यालाच जवारी लागणं म्हणतात. तिथे घडतं ते असं: कंप पावणारी तार प्रत्येक फेरीत घोडीच्या बाकाला टेकते आणि पुन्हा सुटते. तिची हालचाल मोकळी राहत नाही, दर वेळी अडते. या अडण्यामुळे मूळ स्वराची ताकद वरच्या स्वरांमध्ये वाटली जाते. खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गंधार हा याच वाटपाचा लाभार्थी आहे.

चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली यावर लिहिलं आहे. तार जिथे छेडली, तिथे ज्या उपस्वरांचे स्थिर बिंदू असतात ते उपस्वर उमटू नयेत, असा जुना नियम होता. तंबोरा आणि वीणा तो नियम पाळत नाहीत, ते उपस्वरही स्वच्छ ऐकू येतात, हे त्यांनी दाखवलं. कारण अर्थातच ती बाकदार घोडी.

फझ पेडल विजेच्या मार्गानं हेच काम करतं. तिथे घोडीच्या जागी बॅटरी असते.

तारेतून तारेत

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप नावाची पट्टी असते. तिच्यात लोहचुंबक आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे असतात. ही तार केसाइतकी बारीक. गिटारची पोलादी तार चुंबकाजवळ हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये वीज उमटते. मायकेल फॅरडेनं १८३१ साली शोधलेला हा नियम, सायकलच्या डायनमोतही तोच राबतो. नायलॉनच्या तारांवर असला पिकअप मुका राहतो, कारण नायलॉनला चुंबकाशी देणंघेणं नाही.

उमटणारी वीज अगदीच अशक्त असते. हिशेबाला सोपं म्हणून एक दशांश व्होल्ट धरू. गिटारची जाडीकडून दुसरी तार मोकळी छेडली तर ती सेकंदाला ११० वेळा कंप पावते, म्हणून हे व्होल्टेजही सेकंदाला ११० वेळा वर जातं आणि खाली येतं. कागदावर काढलं तर गोलसर लाट दिसेल.

नऊ व्होल्टचं छत

ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात. एका पायातून गेलेला छोटा प्रवाह उरलेल्या दोघांमधला मोठा प्रवाह कमी-जास्त करतो. गिटारकडून आलेली छोटी लाट त्या पहिल्या पायाला दिली की मोठ्या प्रवाहात तशीच पण मोठी लाट उठते. वाढीव ताकद येते ती बॅटरीतून. गिटारची वीज तिला फक्त वळण देते.

आता गणित करू. ०.१ व्होल्टची लाट शंभर पट करायची म्हटली तर १० व्होल्ट व्हायला हवी. बॅटरी आहे ९ व्होल्टची. त्यातही लाटेला वर आणि खाली दोन्हीकडे जागा लागते, म्हणून आवाज नसताना ट्रान्झिस्टरला मधोमध, साडेचार व्होल्टवर, उभं करून ठेवतात. या उभं करण्याला बायस म्हणतात. म्हणजे लाटेला वरच्या बाजूला साडेचार, खालच्या बाजूला साडेचार. दहा व्होल्ट उंचीची लाट त्यात मावणार कशी? तिचा माथा छताला आपटतो आणि सपाट होतो, पाय जमिनीला लागून सपाट होतात. गोलसर लाटेची चौकोनी लाट होते. फाटणं म्हणतात ते हेच.

लाट चौकोनी झाली की कानाला वेगळं का वाटतं? कारण ११० कंपनांची चौकोनी लाट एकटी नसते. तिच्यात ३३०, ५५०, ७७० अशा विषम पटींच्या गोल लाटा मिसळलेल्या असतात: पहिली मूळ स्वराच्या एक तृतीयांश ताकदीची, दुसरी एक पंचमांश, तिसरी एक सप्तमांश. माथा आणि पाय सारखेच कापले गेले नाहीत, तर २२० आणि ४४० अशा सम पटीही येतात. फझ फेसमध्ये कापणी अशीच तिरकी होते, म्हणून तिचा आवाज भरदार लागतो. छेडलेल्या तारेत हे उपस्वर थोडेफार असतातच, पण ते लवकर विरतात. पेडल त्यांना सतत नव्यानं जन्माला घालतं.

दुसरा परिणाम मला जास्त मोलाचा वाटतो. छेडल्यावर तारेचा आवाज झपाट्यानं ओसरतो. समजा तिचं व्होल्टेज ०.१ वरून ०.०५ झालं. शंभर पट केल्यावर पहिल्याचे १० आणि दुसऱ्याचे ५ व्होल्ट. छत साडेचारवर असल्यामुळे दोन्ही लाटा साडेचारवरच कापल्या जातात. म्हणजे तार अर्धी थकली तरी आवाज तेवढाच! सारंगी किंवा व्हायोलिनसारखा लांबलेला सूर गिटारला मिळतो तो यातून. याची किंमतही लगेच चुकवावी लागते: वाजवणं थांबवलं की खोलीतल्या वायरिंगची गुणगुण आणि सर्किटची सळसळ यांनाही तीच शंभर पट वाढ मिळते.

फझ फेसमधलं ‘फझ’ लिहिलेलं बटण पाहण्यासारखं आहे. दुसऱ्या ट्रान्झिस्टरकडून पहिल्याकडे १०० किलोओहमच्या रेझिस्टरमधून थोडा प्रवाह परत पाठवलेला असतो. हा परतीचा प्रवाह लाटेच्या विरुद्ध दिशेनं काम करतो आणि तिची वाढ आवरतो. बटण फिरवलं की तिथला २० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लाटेला परस्पर जमिनीत वाट करून देतो, मग परत जायला फारसं काही उरत नाही आणि सर्किट मोकाट सुटतं. बटण कशाची भर घालत नाही, लगाम सैल करतं.

आणि एवढी वाढ करून झाल्यावर ही डबी त्यातलं बहुतेक सगळं टाकून देते. बाहेर जाणारी लाट ८.२ किलोओहम आणि ४७० ओहम यांच्या जोडीतून घेतलेली असते. एकूण ८,६७० ओहमांपैकी फक्त ४७० ओहमांवरचा हिस्सा, म्हणजे जेमतेम साडेपाच टक्के. आठ व्होल्टची लाट बाहेर पडताना अर्ध्या व्होल्टहूनही लहान झालेली असते. पुढच्या अ‍ॅम्प्लिफायरला ती झेपावी म्हणून ही काटछाट. लाट मोठी करण्याचा हेतू मोठा आवाज हा नव्हताच, तिचं डोकं आपटायचं होतं. ते झालं.

सा-प चालतं, सा-ग खटकतं

आता मंडपातल्या स्पीकरकडे वळू. एकच स्वर कापला तर त्याच्या पटीतले उपस्वर निघतात आणि ते मूळ स्वराशी नात्यातच राहतात. दोन स्वर एकत्र कापले की मात्र त्यांच्या बेरजा आणि वजाबाक्याही आवाजात उतरतात.

११० कंपनांचा षड्ज आणि १६५ कंपनांचा पंचम घ्या. वजाबाकी ५५, म्हणजे त्याच षड्जाचा खालच्या सप्तकातला सूर. बेरीज २७५, म्हणजे वरचा गंधार. घरातलीच मंडळी. आता षड्जाबरोबर गिटारवरचा गंधार घेऊ. गिटारच्या पट्ट्यांवर तो १३८.६ कंपनांचा असतो. वजाबाकी २८.६, बेरीज २४८.६. दुहेरी षड्जातून गंधार वजा केला तर ८१.४. यांतला एकही आकडा ११० च्या चौकटीत नीट बसत नाही. सगळे थोडे थोडे बाजूला सरकलेले, म्हणून एकमेकांशी घासतात आणि थरथरतात.

रॉक गिटारवादक फझ लावून बहुतेक वेळा फक्त षड्ज आणि पंचम दाबतात, त्याला ते पॉवर कॉर्ड म्हणतात. आपला तंबोरा पंचम आणि षड्जांवर लावला जातो. उपस्वरांनी गच्च भरलेल्या आवाजाला कोणते शेजारी मानवतात, याचं उत्तर दोन परंपरांनी आपापल्या कानांनी शोधलं, असं मला वाटतं.

मंडपातल्या स्पीकरमध्ये गायकाचा आवाज, हार्मोनियम, ढोलकी आणि निवेदकाचं ‘हॅलो, हॅलो’ हे सगळं एकाच छताला आपटतं. शेकडो बेरजा-वजाबाक्या, एकाचं दुसऱ्याशी नातं नाही. आजोबांचा काही दोष नाही.

बिघाडाला आलेले दिवस

हा आवाज कुणी ठरवून शोधला नाही. अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्स या गायकाचं ‘डोन्ट वरी’ हे गाणं ध्वनिमुद्रित होत असताना मिक्सिंगच्या यंत्राचा एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिननं वाजवलेला बास गिटारचा तुकडा घरघरत उमटला. तो तसाच ठेवला गेला. १९६१ मध्ये गाणं गाजलं आणि लोक विचारू लागले, हा आवाज काढला कसा? तिथले ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी ट्रान्झिस्टर वापरून तो बिघाड मुद्दाम घडवणारं सर्किट तयार केलं. गिब्सन कंपनीनं ते १९६२ साली ‘मॅस्ट्रो फझ-टोन’ या नावानं विकायला आणलं. सुरुवातीला ते फारसं खपलं नाही. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्स या बँडच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये कीथ रिचर्ड्सनं ते वापरलं आणि मग दुकानांत माल पुरेना.

मधल्या काळात लोकांनी जरा अघोरी उपायही केले. १९६४ साली द किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिसनं आपल्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागदी पडदा ब्लेडनं कापला आणि त्यावर ‘यू रिअली गॉट मी’ वाजवलं. पेडलमुळे निदान स्पीकर वाचले.

जर्मेनियम आणि मे महिना

पहिल्या फझ फेसमध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर होते. पुढे सिलिकॉनचे आले. जर्मेनियमचा आवाज मऊ, सिलिकॉनचा धारदार, असं वादक सांगतात आणि त्यात तथ्य आहे. जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर लाट कमी पटीनं वाढवतात आणि वरच्या स्वरांना थोडे मंद असतात.

पण त्यांना एक व्याधी आहे: गळती. ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून थोडा प्रवाह पाझरत राहतो आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की तो साधारण दुप्पट होतो. पंचवीस अंशांवर जुळवलेलं पेडल पंचेचाळीस अंशांत नेलं तर गळती चौपट. हा पाझर ट्रान्झिस्टर स्वतःच वाढवतो, त्यामुळे मधोमध असलेला साडेचार व्होल्टचा बायस सरकतो आणि लाट एकाच बाजूला चिकटते. सूर गुदमरतो, तुटक तुटक येतो. लंडनच्या हवेत जन्मलेल्या सर्किटला नागपूरचा मे महिना सोसत नाही, तो असा. विदर्भात किंवा मराठवाड्यात राहणाऱ्यांनी पहिलं पेडल सिलिकॉनचंच करावं, हे माझं स्पष्ट मत. जर्मेनियमचा मोह आवरत नसेल तर जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंमध्ये एसी १२८ किंवा एसी १८८ हे नंबर शोधा. पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार त्यासाठी पालथा घालण्यासारखा आहे. हे ट्रान्झिस्टर उलट्या जातीचे असतात. त्यांच्या सर्किटमध्ये बॅटरीचं अधिक टोक जमिनीला जोडलेलं असतं, म्हणून असं पेडल इतर पेडलांबरोबर एकाच अ‍ॅडॉप्टरवर लावलं की थेट शॉर्ट होतं. त्याला स्वतंत्र बॅटरीच द्यावी.

सिलिकॉनचंही एक खोडकर अंग आहे. त्याची वाढ इतकी जोरदार असते की गिटारची वायर एरिअलचं काम करते आणि कधीकधी पेडलमधून मध्यम लहरींवरचं रेडिओ केंद्र ऐकू येतं. ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर आणि बेस या दोन पायांमध्ये शंभर पिकोफॅरडच्या आसपासचा छोटा कपॅसिटर लावला आणि सगळं धातूच्या डब्यात बसवलं की बातम्या बंद होतात.

खरेदी आणि जोडणी

रेझिस्टर आणि कपॅसिटर नगाला रुपया-दोन रुपयांच्या घरातले. खर्च होतो तो पायानं दाबायच्या स्विचवर, जॅकवर आणि डब्यावर. ट्रान्झिस्टर म्हणून बीसी ५४७ घ्या, तो कुठेही मिळतो. ए गटाचा पहिल्या जागी आणि बी गटाचा दुसऱ्या जागी बसवा. चार-सहा जास्तीचे आणा आणि अदलाबदल करून ऐका. त्याची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. गिटारच्या वायरीचा पाव इंची जॅक दुकानदाराकडे पी-३८ म्हणून मागितला तर लवकर समजतं. २० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मिळणार नाही, २२ चा चालतो. ८.२ किलोओहमच्या जागी २० किलोओहमचा प्रीसेट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरनं फिरवायचा छोटा रेझिस्टर, घ्या.

आधी सोल्डर करू नका. ब्रेडबोर्डवर, म्हणजे भोकांच्या प्लॅस्टिक पट्टीवर, भाग नुसते खोचून सर्किट उभं करा. मल्टिमीटर दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर ठेवा आणि साडेचार व्होल्ट दिसेपर्यंत प्रीसेट फिरवा. मग गिटार जोडून कानानं ठरवा. काहींना साडेचारच्या थोडं वर किंवा खाली आवडतं आणि त्यात चूक काही नाही, कापणीचा तिरकेपणा तिथे बदलत असतो.

आवाज मनासारखा झाला की झिरो पीसीबीवर, म्हणजे भोकांभोवती तांब्याचे ठिपके असलेल्या पट्टीवर, डाख द्यायला घ्या. पंचवीस वॉटची सोल्डरिंग आयर्न पुरे. आधी तांब्याचा ठिपका आणि पाय दोन्ही तापवायचे, मग सोल्डर लावायचं. सोल्डर वितळून पायाभोवती पसरलं पाहिजे, गोळा होऊन बसलं तर तो डाख कच्चा आहे. जर्मेनियमचा पाय डाख देताना चिमट्यानं धरून ठेवा, उष्णता चिमट्यात जाते. सोल्डरमध्ये शिसं असतं, तेव्हा काम झाल्यावर हात धुवा. धूर नाकासमोर येऊ देऊ नका.

एक छान युक्ती बॅटरीवर चालणाऱ्या बहुतेक पेडलांत वापरतात. गिटारची वायर जिथे खोचायची, तिथे मोनोऐवजी स्टिरिओ जॅक लावतात आणि बॅटरीचं उणे टोक त्याच्या मधल्या कडीला जोडतात. गिटारचा साधा मोनो प्लग आत गेला की ती कडी आपोआप जमिनीला टेकते आणि पेडल सुरू होतं. वायर काढली की बंद. वेगळा स्विच लागत नाही. विसरून वायर खोचलेली राहिली तरी फार बिघडत नाही, कारण हे सर्किट एक मिलिअँपिअरहूनही कमी प्रवाह घेतं.

> चौकट: आवाज आला नाही तर
>
> पहिल्या खेपेला पेडल मुकं राहणं नेहमीचंच. आधी बॅटरी मोजा, मग ट्रान्झिस्टरचे पाय उलटे बसले नाहीत ना ते पाहा, मग इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची अधिक-उणे टोकं तपासा.
>
> तरीही शांतता असेल तर लाटेचा माग काढा. अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणाऱ्या वायरीच्या टोकाला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडा आणि वायरीची जमीन पेडलच्या जमिनीला लावा. कुणाला तरी गिटार छेडत राहायला सांगा. कपॅसिटरचं मोकळं टोक आधी इनपुटवर, मग पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसवर, मग कलेक्टरवर, असं पुढे पुढे टेकवत जा. आवाज जिथे गायब होतो, त्याच्या लगेच आधीचा भाग किंवा डाख गुन्हेगार. नऊ व्होल्टच्या सर्किटमध्ये हे निर्धास्त करता येतं.

मग बदल सुरू होतात

चालू पेडल हातात आलं की गप्प बसवत नाही. गिटारकडचा २.२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून ०.१ चा लावला की खर्ज आटतो आणि जाड तारांचा गडबडगुंडा कमी होतो. ४७० ओहमच्या जागी १ किलोओहम लावला तर डबी जास्त मोठ्यानं बोलते. ब्रेडबोर्डवर अशा अदलाबदलीला मिनिटभर लागतं आणि निकाल कान जागच्या जागी देतो. इलेक्ट्रॉनिक्स शिकायला याहून चांगली प्रयोगशाळा मला माहीत नाही.

फझ फेसची एक लकब पुस्तकातून कळत नाही. हिच्यात शिरणाऱ्या लाटेला अगदी थोडा विरोध होतो, म्हणून ती पिकअपमधून प्रवाह ओढून घेते. गिटारवरचा व्हॉल्यूम किंचित कमी केला की मध्ये मोठा विरोध येतो, प्रवाह एकदम पडतो आणि फाटका आवाज जवळजवळ स्वच्छ होतो. वादक बोटानं एक बटण हलवून घरघर आणि गोडवा यांच्यामध्ये ये-जा करू शकतो. पण गिटार आणि फझ यांच्यामध्ये दुसरं एखादं पेडल आलं तर हे नातं तुटू शकतं. म्हणून जुने वादक फझ सगळ्यांत पुढे ठेवतात. त्यामागे अंधश्रद्धा नाही.

हा बदलांचा छंद किती लांब जाऊ शकतो याचं उदाहरण म्हणजे क्वीन या बँडचा ब्रायन मे. १९६३ साली त्यानं वडिलांबरोबर घरीच गिटार बनवायला घेतली. मान जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीतून कोरलेली, अंगात जुन्या टेबलाचं ओक, स्प्रिंगा मोटरसायकलच्या इंजिनातल्या, पट्टीवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे. ‘रेड स्पेशल’ नावाची ही गिटार तो पुढे कायम वाजवत आला. त्याच बँडच्या जॉन डीकननं कचऱ्यात सापडलेल्या सर्किट बोर्डपासून छोटा अ‍ॅम्प्लिफायर जुळवला. तोही जर्मेनियमचाच, नऊ व्होल्टवर चालणारा.

मार्शल कंपनीची सुरुवातही अशीच. १९६२ च्या सुमारास लंडनमधल्या जिम मार्शलच्या वाद्यांच्या दुकानातल्या मंडळींनी अमेरिकन फेंडर बासमन अ‍ॅम्प्लिफायर समोर ठेवून त्याची प्रत करायला घेतली. अमेरिकन सुटे भाग महाग पडत, म्हणून जवळ मिळतील ते ब्रिटिश भाग आणि स्पीकर वापरले. प्रत मुळापेक्षा वेगळी वाजली, आणि तो वेगळा आवाज पुढे कंपनीचा ठसा झाला. लॅमिंग्टन रोडवर नेमका नंबर मिळाला नाही म्हणून खट्टू होणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मात्र पेडल आणि व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांचा, अ‍ॅम्प्लिफायर यांत एक फरक आहे आणि तो जिवावरचा आहे. पेडलमध्ये नऊ व्होल्ट असतात. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तीनशे ते साडेचारशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरांमध्ये ते बराच वेळ साठून राहतात. बंद यंत्रात हात घालूनही जबर, प्रसंगी जीवघेणा, धक्का बसू शकतो. तेव्हा पेडल उघडा, जोडा, तोडा, पुन्हा जोडा. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरला मात्र जाणत्या माणसाशेजारी बसून काम शिकल्याशिवाय स्क्रूड्रायव्हर लावू नका.